ऋतुचक्र आणि देहभार

मासिक पाळीसंबंधी ज्या शंका डॉक्टरांच्या दारी नेहमी येतात, त्यांत वजनाची शंका फार जुनी आहे, आणि तिची उत्तरेही परस्परविरोधी मिळत आली आहेत. लेकीची पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि ती अंगाने सुटत चालली आहे अशी तक्रार घेऊन आलेल्या आईला 'वजन उतरवा, पाळी सुरळीत होईल' असे सांगण्यात येते. तीच मुलगी पुढे अन्न तोडून वाळली आणि पाळी पार थांबली, म्हणजे 'वजन वाढवा' असा उलट हुकूम सुटतो. आणि पाळी तोंडावर आली असता काटा किलोभर अधिक दाखवू लागला, की 'हा संप्रेरकांचा खेळ' एवढे बोलून विषय मिटवला जातो. यांतले एकही विधान निखालस खोटे नाही. परंतु तिन्ही वेळा बोट एकाच आकड्याकडे दाखवले जात असले, तरी त्या आकड्याच्या पाठीशी पहिल्या प्रसंगी मेद, दुसऱ्या प्रसंगी रोजच्या अन्नातली तूट आणि तिसऱ्या प्रसंगी निव्वळ पाणी उभे असते. आणि या तिहींचा संप्रेरकांशी असलेला संबंध इतका भिन्न आहे, की त्यांना वजन या एका सदराखाली घालणे हेच या विषयातील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ ठरले आहे.

प्राचीनांनी हा संबंध ओळखला होता, पण त्याची दोन टोकेच तेवढी त्यांच्या दृष्टीस पडली होती. हिपॉक्रेटिसच्या नावावर चालत आलेल्या 'हवा, पाणी आणि स्थळे' या ग्रीक प्रबंधात सिथियन स्त्रियांच्या अल्पप्रसवतेचे खापर त्यांच्या स्थूल, बैठ्या देहावर फोडलेले आहे, आणि त्यांच्याच घरी राबणाऱ्या कृश दासींना गर्भ चटकन राहतो, अशी पुस्तीही जोडलेली आहे. आपल्याकडे चरकाने अतिस्थूल देहाचे आठ दोष सूत्रस्थानात मोजले. सुश्रुताने ऋतुस्रावाचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंतचा सांगितला, आणि आजही त्यात फारसा फेरफार करावा लागत नाही. मात्र स्थूल म्हणजे किती आणि कृश म्हणजे किती, हे ठरवण्याचे साधन यांपैकी कोणाजवळच नव्हते. ते साधन, म्हणजे काटा, हाती आल्यावर प्रश्न सुटेल असे एकोणिसाव्या शतकात वाटू लागले. प्रत्यक्षात तो अधिक गुंतला.

चक्राची रचना येथे थोडक्यात सांगून ठेवणे अवश्य आहे, कारण पुढचा सर्व विचार तिच्यावर उभा आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतक नावाच्या भागातून एक अल्पसे रासायनिक द्रव्य ठरावीक अंतराने, ठोक्याठोक्याने सुटते. त्याच्या प्रेरणेने पोष ग्रंथी आपली दोन संप्रेरके रक्तात सोडते. आणि त्यांच्या प्रेरणेने बीजकोशातील पुटक वाढून इस्ट्रोजेन निर्माण करते. बीजमोचनानंतर त्याच पुटकाचा पीतपिंड होतो आणि तो सुमारे दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन पुरवतो. गर्भ न राहिल्यास तो सुकतो, दोन्ही संप्रेरके ओसरतात आणि स्राव सुरू होतो. अधश्चेतकातील त्या द्रव्याची घटना 1971 मध्ये शॅली आणि गिलेमिन यांच्या प्रयोगशाळांनी उलगडली, आणि 1977 चा नोबेल पुरस्कार त्या दोघांना, रक्तातील संप्रेरके मोजण्याची सूक्ष्म पद्धत शोधणाऱ्या रोझलिन यालो यांच्या जोडीने, मिळाला. त्यानंतर पिट्सबर्ग येथे अर्न्स्ट नोबिल यांनी ऱ्हीसस माकडिणींवर प्रयोग करून दाखवले, की हे द्रव्य तासाला एकदा टोचले तर बीजकोश चालतो, आणि तेच अखंड धारेने दिले तर बंद पडतो. म्हणजे चक्राचे सारे इंगित द्रव्याच्या प्रमाणात नसून त्याच्या ठोक्यांच्या गतीत आहे. अन्न, श्रम आणि मेद यांचा परिणाम मुख्यत्वे या ठोक्यांवर होतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे पुष्कळसे सोपे होते.

प्रथम चक्राचा वजनावर होणारा परिणाम पाहू, कारण तो तुलनेने साधा आहे. पाळीच्या सुमारास वाढणारे वजन बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत अर्ध्या किलोच्या आसपास असते, काहींच्या बाबतीत ते त्याहून बरेच अधिक भरते, आणि ते जवळजवळ सर्वस्वी पेशींबाहेरच्या पाण्याचे असते. या पाण्याचा दोष सर्रास प्रोजेस्टेरॉनवर लादला जातो. वास्तविक प्रोजेस्टेरॉन हे मूत्रपिंडात मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉनच्या आड येते, म्हणजे मीठ आणि पाणी बाहेर घालवण्यास साहाय्यच करते. त्याची भरपाई म्हणून शरीर अल्डोस्टेरॉन वाढवते, आणि पीतपिंड सुकून प्रोजेस्टेरॉन एकाएकी ओसरले, की वाढलेल्या अल्डोस्टेरॉनला काही काळ मोकळे रान मिळते. सूज आणि जडपणा यांची स्त्रियांनी महिनोन्महिने रोजची रोज टिपणे ठेवली, तेव्हा पाणी साठण्याचा कळस स्रावाच्या आदल्या आठवड्यात न येता स्रावाच्या पहिल्या दिवशी येतो असे आढळले, त्याची संगती या यंत्रणेशी बरीचशी लागते. चार दिवसांत हे पाणी आपोआप उतरते. ते उतरवण्यासाठी अन्न तोडणे केवळ निष्फळच नव्हे, तर पुढे दिसेल त्याप्रमाणे प्रसंगी अपायकारकही आहे.

भूक आणि उष्णता यांच्यातही महिन्याच्या महिन्याला चढउतार होतात. बीजमोचनाच्या सुमारास इस्ट्रोजेन शिगेला पोचलेले असते आणि अन्नाची इच्छा सर्वांत मंद असते; हे स्त्रियांत आणि माकडिणींतही दिसून आले आहे. त्यानंतर प्रोजेस्टेरॉनच्या अमलात शरीराचे तापमान एका सेल्सियस अंशाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्या अंशापर्यंत वाढते, विश्रांतीच्या स्थितीतला ऊर्जाव्यय किंचित वाढतो आणि भूकही वाढते. ही भूक दिवसाला पाचशे उष्मांकांपर्यंत असावी असे जुन्या, मोजक्या स्त्रियांवर केलेल्या पाहण्यांत आले होते. पुष्कळ अभ्यास एकत्र करून काढलेली अलीकडची सरासरी दोनशेच्या आत येते. खर्चही वाढलेला असल्यामुळे महिन्याअखेर बाकी जवळजवळ शून्य राहते. मासिक चक्रामुळे दर महिन्याला मेद साठत जातो ही समजूत म्हणूनच टिकत नाही; ती खरी असती, तर प्रत्येक स्त्री चाळिशीपर्यंत हलण्याच्या पलीकडे गेली असती.

आता उलट दिशा, आणि विषयाचा खरा गाभा. अन्नाच्या अभावी पाळी थांबते, याचे सर्वांत विस्तृत पुरावे वैद्यकाच्या ग्रंथांत नसून दुष्काळांच्या दप्तरांत आहेत. वऱ्हाडात 1896-97 आणि 1899-1900 असे लागोपाठ दोन भीषण दुष्काळ पडले. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी सरकारात जात असत, आणि टिम डायसन यांच्यासारख्या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी त्या नोंदी मागाहून चाळल्या, तेव्हा दुष्काळाच्या ऐन कडाक्यानंतर नऊएक महिन्यांनी जन्मांचा आकडा कोसळलेला त्यांना आढळला. परंतु या नोंदी जन्माच्या आहेत, ऋतूच्या नव्हेत. पुरुषमाणूस कामाच्या शोधात परागंदा झालेले, कुटुंबे दुष्काळी कामांवरच्या छावण्यांत विखुरलेली, हिवतापाची साथ पाठोपाठ आलेली, अशा स्थितीत गर्भ न राहण्याची किती कारणे असू शकतात! त्या दप्तरांतून बीजकोशाचा जबाब काढणे कठीण आहे.

हॉलंडमधील 1944-45 च्या हिवाळ्याची साक्ष त्या मानाने अधिक स्वच्छ आहे. जर्मन सैन्याने पश्चिमेकडील शहरांची रसद तोडली, शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्या खाली आणि कित्येक आठवडे त्याच्याही निम्म्यावर आला, स्त्रियांच्या पाळ्या मोठ्या प्रमाणावर थांबल्या, आणि नऊ महिन्यांनंतर या शहरांतील जन्म जवळजवळ निम्म्यावर उतरले. पुढे मे 1945 मध्ये अन्न आले आणि थोड्याच महिन्यांत गर्भधारणा पूर्ववत होऊ लागल्या. लेनिनग्राडच्या वेढ्यातही हाच प्रकार डॉक्टरांनी नोंदला होता. फ्रेंच इतिहासकार ल रुआ लादुरी यांनी 1969 मध्ये दुष्काळी अनार्तवावर, म्हणजे दुष्काळात पाळी थांबण्यावर, स्वतंत्र निबंध लिहून सतराव्या शतकापासूनच्या युरोपातील अन्नटंचाईकडे याच दृष्टीने पाहिले. दुष्काळावाचूनही हाच प्रकार घडतो, हे लंडनच्या विल्यम गल यांनी 1873 साली तरुण मुलींच्या एका मनोविकाराचे वर्णन करताना सांगितले होते. अन्न समोर असून न खाणाऱ्या या मुलींची पाळी थांबते, हे लक्षण त्या विकाराच्या व्याख्येतच पुढे शतकभर राहिले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या सूचीतून मात्र ते वगळण्यात आले. त्याचे एक कारण असे, की अत्यंत कृश होऊनही काही मुलींची पाळी चालूच राहते. कृशता आणि अनार्तव यांची सांगड जितकी घट्ट वाटते तितकी ती नाही, याचा हा एक दाखला.

ती सांगड किती घट्ट आहे हे आकड्यात बांधण्याचा सर्वांत धाडसी, आणि म्हणून सर्वांत वादग्रस्त, प्रयत्न हार्वर्ड विद्यापीठात झाला. रोझ फ्रिश आणि रॉजर रेव्हेल यांनी 1970 मध्ये असे प्रतिपादन केले, की मुलीला पहिला ऋतू येतो तो वयाच्या नव्हे तर वजनाच्या एका ठरावीक टप्प्यावर, आणि हा टप्पा अमेरिकी मुलींत सरासरी 47.8 किलोचा आहे. हे रेव्हेल मूळचे समुद्रशास्त्रज्ञ. हवेतील कार्बन डायऑक्साइडविषयीच्या त्यांच्या कामामुळे त्यांचे नाव आज अधिक परिचित आहे. भारताशीही त्यांचा संबंध होता. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या आणि जे. पी. नाईक यांच्या सचिवत्वाखालच्या 1964-66 च्या शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते. लोकसंख्या आणि अन्न यांचे गणित हा त्या काळच्या जागतिक चिंतेचा विषय असल्यामुळे फ्रिश यांच्या सिद्धांताला वैद्यकाबाहेरही कान मिळाले. 1974 मध्ये फ्रिश यांनी जॅनेट मॅकआर्थर यांच्यासह तो सुधारून मांडला: देहातील मेदाचे प्रमाण सतरा टक्के झाले की पाळी सुरू होते, आणि प्रौढ वयात ती टिकून राहण्यास बावीस टक्के मेद लागतो.

हा सिद्धांत ऐकायला मनोहर आहे, यात संशय नाही. निसर्गाने गर्भाच्या आणि स्तन्याच्या खर्चाची आगाऊ तरतूद झाल्याखेरीज स्त्रीला गर्भाची अनुज्ञा देऊ नये, ही कल्पना इतकी सुबक आहे, की ती खरी असावी असे वाटल्याशिवाय राहत नाही. पण आक्षेप लवकरच आले. एक तर फ्रिश यांनी मेद प्रत्यक्ष मोजलेला नव्हता. उंची आणि वजन यांवरून सूत्राने काढलेला होता, म्हणजे मेदाच्या नावाने पुन्हा वजनच बोलत होते. दुसरे, जेम्स ट्रसेल यांनी 1978 मध्ये त्यांच्या संख्याशास्त्रातील दुबळे दुवे उघड केले. तिसरे, जॉन बॉन्गार्ट्स यांनी 1980 मध्ये उपलब्ध पुराव्याची छाननी करून असा निष्कर्ष काढला, की प्रत्यक्ष उपासमारीत जननक्षमता निश्चित घटते, पण गरीब देशांत नित्य आढळणाऱ्या मध्यम प्रतीच्या कुपोषणाचा तिच्यावरील परिणाम अल्प असतो. आपल्याकडे हा आक्षेप घेण्यास ग्रंथांचीही गरज नव्हती. ज्या देशात बेचाळीस-त्रेचाळीस किलोच्या लाखो स्त्रिया नियमाने पाळी येऊन चार-चार लेकरांच्या आया झाल्या, त्या देशात 47.8 या आकड्याचे महत्त्व किती, हे कोणत्याही ग्रामीण दवाखान्यातल्या सुईणीने सांगितले असते.

निर्णायक धक्का मात्र आला तो नर्तकींकडून. मिशेल वॉरन यांनी न्यूयॉर्कच्या बॅले नृत्य शिकणाऱ्या मुलींचा पाठपुरावा करून 1980 मध्ये लिहिले, की पाय दुखावल्यामुळे किंवा सुटीमुळे ज्यांचा सराव थांबला, त्यांच्यापैकी काहींची पाळी वजनात फारशी भर न पडताही सुरू झाली. मेद तेवढाच, वजन तेवढेच, आणि पाळी मात्र परतली! मग बदलले काय होते? याचे उत्तर ओहायो विद्यापीठातील अ‍ॅन लाउक्स यांनी प्रयोगाने दिले. निरोगी, नियमित पाळीच्या तरुण स्त्रियांना त्यांनी पाच दिवस मोजून अन्न दिले आणि मोजून व्यायाम करवला, आणि व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा जाता देहाच्या मेदरहित भागाला दर किलोमागे किती उष्मांक उरतात, याचे चार निरनिराळे टप्पे ठेवले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार, ही बाकी पंचेचाळीसवरून तीसपर्यंत उतरली तरी पोष ग्रंथीच्या स्पंदनांत फारसा फरक पडला नाही. तीसच्या खाली जाताच मात्र ती विरळ होऊ लागली. पाच दिवसांत मेदाच्या साठ्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. सबब अधश्चेतकाने जे पाहिले ते मेदाचे संचित नव्हते. फ्रिश यांनी खतावणीतली शिल्लक तपासली, लाउक्स यांनी रोजकीर्दीतली आवक-जावक. आणि ऋतुचक्राचा कारभार पाहणारा मेंदू हा शिल्लकेपेक्षा त्या दिवसाच्या तुटीने अधिक लवकर हात आखडता घेणारा निघाला.

लाउक्स यांच्या प्रयोगाचे आणखी एक फलित असे, की पाळी बिघडवणारी गोष्ट श्रमांचा ताण ही नसून श्रमांना न पुरणारे अन्न ही होय. व्यायाम तेवढाच ठेवून अन्न वाढवले, की स्पंदने टिकून राहिली. प्रयोगशाळेबाहेरचा पुरावाही याला पूरक आहे, फक्त तो अधिक संमिश्र आहे. पीटर एलिसन यांनी लाळेतून संप्रेरके मोजण्याची सोपी पद्धत वापरून काँगोच्या इतुरी अरण्यातील लेसे स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा अन्नटंचाईच्या ऋतूत वजन घटू लागले, की पाळी चालू असूनही प्रोजेस्टेरॉन घटते आणि बीजमोचने कमी होतात, असे आढळले. ग्राझिना यासिएन्स्का यांनी पोलंडच्या डोंगराळ खेड्यातील शेतकरी स्त्रियांत कापणीच्या दिवसांत हाच प्रकार पाहिला, आणि त्या स्त्रिया तर पोटभर जेवणाऱ्या होत्या. पाळी वेळेवर येणे म्हणजे सर्व आलबेल असणे नव्हे. बाहेरून चक्र अखंड दिसत असता आत पीतपिंड दुबळा झालेला असू शकतो. आणि पाळी थांबणे ही खेळाडू मुलींना वाटते तशी सोयीची गोष्टही नव्हे: बार्बरा ड्रिंकवॉटर यांनी 1984 मध्ये दाखवून दिले, की पाळी थांबलेल्या धावपटूंच्या कण्यातील हाडांची घनता त्यांच्या नियमित पाळीच्या सोबतिणींपेक्षा कमी असते. ऑलिंपिक समितीने 2014 पासून या सर्व प्रकाराला ऊर्जान्यूनतेचा व्यापक विकार मानले आहे, आणि तो पुरुष खेळाडूंनाही लागू केला आहे.

मग मेदाचे काहीच महत्त्व नाही काय? तसेही नाही. 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एका जन्मजात लठ्ठ उंदराच्या वंशातील दोषी जनुक शोधून काढले, आणि त्यातून लेप्टिन हे संप्रेरक हाती आले. ते मेदपेशीच तयार करतात. ज्या माद्यांत ते नसते त्या लठ्ठ असतात आणि वांझही असतात. 1996 मध्ये फरीद शहाब यांनी त्यांना लेप्टिन टोचताच त्या विण्यास समर्थ झाल्या. माणसांतही असे मोजके दाखले सापडले. तुर्कस्तानातील एका कुटुंबात लेप्टिनच्या जन्मजात अभावाने अतिस्थूल झालेल्या एका तरुणीला ऋतू आलेलाच नव्हता. पुढे लेप्टिनचा उपचार झाल्यावर त्या कुटुंबातील पाळीचे विकार सुधारले. वजनाचा आकडा किती दिशाभूल करू शकतो याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण: काटा अतिरेक दाखवतो आहे आणि मेंदू मात्र आपण उपाशी आहोत असेच धरून चालला आहे, कारण मेदाकडून त्याला निरोपच पोचलेला नाही. 2004 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी अतिव्यायामाने किंवा कमी वजनाने पाळी थांबलेल्या आठ स्त्रियांना लेप्टिन दिले, तेव्हा तिघींत बीजमोचन झाले. लेप्टिनची पातळी मेदाच्या साठ्याप्रमाणे बदलते, पण अन्न तोडताच काही दिवसांत, मेद घटण्यापूर्वीच, ती साठ्याच्या मानाने किती तरी अधिक वेगाने घसरते. त्यामुळे फ्रिश आणि लाउक्स या दोघींच्याही म्हणण्यातील सत्यांश येथे एकत्र येतो. अधश्चेतकातील ठोके देणाऱ्या पेशींना लेप्टिनचा निरोप थेट घेता येत नाही, तो मधल्या पेशींमार्फत पोचतो. 2003 मध्ये महत्त्व कळलेले किसपेप्टिन स्रवणाऱ्या पेशी या मधल्या फळीत मोडतात.

आता दुसरे टोक, स्थौल्याचे. इर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथाल या शिकागोच्या दोघा डॉक्टरांनी 1935 मध्ये अशा सात स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली, ज्यांची पाळी अनियमित किंवा बंद होती आणि बीजकोश मोठे व पुटकांनी भरलेले होते. पीसीओएस या नावाने आज घरोघरी माहीत असलेला विकार तो हाच. प्रथम तो बीजकोशाचाच दोष समजला जाई, आणि बीजकोशाचा तुकडा कापून काढणे हा त्यावरील उपाय होता. 1980 मध्ये या स्त्रियांच्या रक्तातील इन्शुलिन आणि पुरुषी संप्रेरके यांचा परस्परसंबंध आढळून आला, आणि तेव्हापासून दृष्टी पालटली. वाढलेले इन्शुलिन बीजकोशाला टेस्टोस्टेरॉन अधिक बनवण्यास भाग पाडते, आणि यकृतात तयार होणारे, संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन घटवते. त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. इकडे मेदपेशी याच वर्गातील द्रव्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करत असल्याने दुबळे पण अखंड इस्ट्रोजेन मेंदूकडे जात राहते, चक्राचा चढउतार हरवतो, बीजमोचन होत नाही, प्रोजेस्टेरॉन येत नाही, आणि गर्भाशयाचे अस्तर नियमाने गळून न पडता जाड होत राहते. अशा स्त्रीला महिनोन्महिने पाळी न येता एकदम अतिस्राव होतो, आणि पुढील आयुष्यात गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, तो याच कारणाने.

वजनाने विकार होतो की विकाराने वजन वाढते, हा वाद या क्षेत्रात पुष्कळ दिवस चालला. जनुकीय अभ्यासांनी अलीकडे वजनाच्या बाजूने साक्ष दिली आहे: ज्यांना जन्मतःच स्थौल्याकडे नेणारी जनुके मिळाली, त्यांच्यात हा विकार अधिक दिसतो. तथापि वाढलेले इन्शुलिन आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन मेद पोटाकडे साठवण्यास हातभार लावतात हेही नाकारता येत नाही, आणि दोन्ही बाजू एकमेकींस पोसत राहतात असे म्हणणेच वस्तुस्थितीला धरून होईल. उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की 1992 मधील लंडनच्या एका पाहणीत पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरलेल्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणींची पाळी सुधारली, आणि तेव्हाही त्या स्थूलच होत्या. ऐंशी किलोच्या स्त्रीला चार-पाच किलो उतरवणे म्हणजे सडपातळ होणे नव्हे. 'आधी साठ किलोवर या, मग पाहू' हा सल्ला म्हणूनच निर्दय तर आहेच, पण शास्त्रालाही सोडून आहे.

भारतीय स्त्रीच्या बाबतीत या विषयाला एक निराळाच पदर आहे, आणि तो उलगडला तो बऱ्याच अंशी पुण्यात. के. ई. एम. रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले होते. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक 22.3, पण मेदाचे प्रमाण युडकिनांचे 9.1 टक्के आणि याज्ञिकांचे 21.2 टक्के. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा 1993 पासून पाठपुरावा केला, तेव्हा तेथील अर्भके साउदॅम्प्टनच्या अर्भकांपेक्षा सुमारे आठशे ग्रॅमने हलकी, सरासरी 2.7 किलोची निघाली. त्यांचे स्नायू तोकडे होते, पण पाठीवरच्या मेदाची घडी मात्र त्या मानाने शाबूत होती. म्हणजे आपल्याकडे मेदाचा आणि वजनाचा काडीमोड जन्मापासूनच होतो. काट्यावर पंचावन्न किलो भरणाऱ्या, कोणाच्याही नजरेला सडपातळ वाटणाऱ्या मुलीला अनियमित पाळी, हनुवटीवर केस आणि वाढलेले इन्शुलिन हे तिन्ही असू शकते, आणि 'तुझे वजन तर ठीक आहे' असे सांगून तिला परत पाठवणे ही मोठी कसूर ठरते. स्थौल्याची सीमा आपल्याकडे 25 ऐवजी 23 पासून सावधगिरीची धरावी, असा आग्रह आरोग्यतज्ज्ञ धरतात तो यासाठीच.

गर्भनिरोधकांविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. गोळ्यांनी वजन वाढते ही समजूत सार्वत्रिक आहे; परंतु तुलनात्मक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता मोठी वाढ होते असा पुरावा मिळालेला नाही. तीन महिन्यांच्या इंजेक्शनाची, जे आपल्या सरकारी योजनेत 2017 पासून 'अंतरा' या नावाने मिळते, गोष्ट निराळी: ते घेणाऱ्या काही स्त्रियांचे वजन खरोखरच वाढते, आणि पहिल्या काही महिन्यांतच वाढ दिसू लागली तर पुढेही ती होत राहण्याचा संभव अधिक. त्या स्त्रीची तक्रार मनाचा खेळ म्हणून उडवून लावणे गैर आहे.

रजोनिवृत्तीच्या वेळी वजन वाढते, ही तक्रारही तशीच सार्वत्रिक. अमेरिकेत 1996 पासून मध्यमवयीन स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारी एक मोठी पाहणी चालू आहे. तिच्यातून असे निष्पन्न झाले, की या स्त्रियांचे वजन पाळी चालू असतानाच संथपणे वाढत होते आणि रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर त्या वाढीला कसलाही वेग आला नाही. वजनाची रेषा सरळच राहिली. पण त्या सरळ रेषेखाली मेद वाढण्याचा वेग दुप्पट झाला होता आणि मेदरहित भाग घटू लागला होता, एकाने दुसऱ्याची भरपाई केल्यामुळे काट्याला त्याचा पत्ताच लागला नाही. इस्ट्रोजेन ओसरल्यावर मेद नितंबांवरून पोटाकडे सरकतो, आणि हे सरकणे टेपने कळते, काट्याने नव्हे. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत वजनाबरोबर कंबर आणि नितंब यांचेही माप प्रथमच घेण्यात आले. त्यानुसार 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 18.7 टक्के उंचीच्या मानाने कृश आणि 24.0 टक्के स्थूल भरल्या. कंबर-नितंबाचे गुणोत्तर धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या स्त्रिया मात्र 56.7 टक्के होत्या.